लाल तळाची पेटी

बडोद्याच्या वाडी भागातल्या आमच्या घरी मामांची हत्यारांची पेटी आहे. पत्र्याची, तीन कप्प्यांची, कोपऱ्यांवरचा रंग उडालेली. प्रत्येक कप्प्यात रबरी स्पंजाचे दोन जाड थर एकावर एक चिकटवले आहेत. वरचा काळा, खालचा लाल. वरच्या थरात एकेका हत्याराच्या आकाराची खाच कापली आहे. हत्यार जागेवर असलं की कप्पा काळा दिसतो. उचललं की त्याच्याच आकाराचं लाल उघडं पडतं. पक्कड काढली की लाल पक्कड, पाना काढला की लाल पाना. काय बाहेर आहे ते खोलीच्या दारातूनच कळतं.

पेटी पाहणारा जो तो म्हणतो, "काय टापटीप आहे हो!" मामांना ही तारीफ रुचत नाही. टापटीप वेगळी आणि हे वेगळं, असं त्यांचं म्हणणं, आणि इतकी वर्षं ती पेटी पाहून माझंही तेच मत झालं आहे. आईच्या मिसळणाच्या डब्यात हळद, तिखट, मोहरी, जिरं यांच्या वाट्या ठरल्या जागी असतात त्या हाताच्या सोयीसाठी. तेल तापलं की न बघता बोटं मोहरीवर पडली पाहिजेत. सुताराची पिशवी, वायरमनच्या पट्ट्यात खोचलेला टेस्टर, सगळीकडे हीच सोय. विमानाच्या कारागिरालाही ती लागते, पण ती दुय्यम. त्याचा खरा प्रश्न काम संपल्यावर सुरू होतो: जे जे आत गेलं ते सगळं बाहेर आलं का? लाल तळ त्या प्रश्नासाठी आहे. हत्यार नसलं तर त्याचं नसणं लपता कामा नये.

मामा वायुदलात एअरफ्रेम फिटर होते, आणि त्यांची बरीचशी नोकरी ॲव्हरो विमानांवर गेली. हे दोन टर्बोप्रॉप इंजिनांचं वाहतुकीचं विमान. आराखडा ब्रिटिशांचा, जुळणी कानपूरची. कानपुरात बांधलेलं पहिलं ॲव्हरो १ नोव्हेंबर १९६१ रोजी उडालं आणि पुढची साठेक वर्षं ही जात आपल्या वायुदलात टिकली. अशा विमानाची जमीन उचकटली की खाली दुसरंच जग दिसतं. वैमानिकाच्या हातापायांपासून पंखांपर्यंत आणि शेपटीपर्यंत दांडे नि पोलादी दोर गेलेले, दोर पुलींवरून वळलेले, शेजारून वायरींचे जुडगे नि तेलाच्या नळ्या. या गर्दीत विसरलेला एक पाना जमिनीवर असेपर्यंत निमूट पडून राहतो. विमान कलंडलं, हादरलं की तो सरकतो, आणि दोर व पुली यांच्या मध्ये जाऊन बसला तर वैमानिकाने कितीही जोर लावला तरी शेपटीचा पडदा हलायचा नाही. ही भीती कारागिराच्या मनात पहिल्या दिवसापासून भरवली जाते, आणि ती भरवलीच पाहिजे.

म्हणून प्रत्येक हत्यारावर नंबर कोरलेला. म्हणून हत्यारखान्याच्या खिडकीत पितळी बिल्ला दिल्याशिवाय टॉर्क रिंच हातात पडायचा नाही. रिंच गेला त्या खुंटीला बिल्ला लटकायचा, आणि कुणाचं नाव अडकलंय ते आल्यागेल्याला दिसायचं. कामाआधी मोजणी, कामानंतर मोजणी, पाळी बदलताना पुन्हा मोजणी. एक नग कमी भरला तर विमान जागचं हलायचं नाही. शेवटी फॉर्म ७०० वर सह्या: आधी कारागिराची, मग त्याच्या वरच्याची, आणि उडण्याआधी वैमानिकाची. हा फॉर्म म्हणजे विमानाची तब्येतीची वही. मामा अजूनही कुठल्याही कागदावर सही करण्याआधी पूर्ण कागद वाचतात, बँकेतला सुद्धा, आणि मागची रांग खोळंबली तरी वाचतात.

ॲव्हरो ब्रिटिश वळणाचं, त्यामुळे त्याची मापं इंचातली. वायुदलातल्या रशियन विमानांची मापं मिलिमीटरमध्ये. दोन्ही जातींचे पाने एकत्र ठेवायचे नाहीत, हा नियम मामांच्या घरच्या पेटीतही आहे. मिलिमीटरचे पाने खालच्या कप्प्यात, त्यांच्या दांड्यांना पिवळी पट्टी. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्या नटावर १३ चा पाना आरामात चढतो, फिरतोसुद्धा. पण तो जो तीन दशांश मिलिमीटरचा ढिलेपणा आहे, तो जोर लावला की नटाचे कोपरे खातो. दोन-चार वेळा असं झालं की नट गोल होतो आणि मग त्याला कुठलाच पाना धरत नाही. बसतंय म्हणून बरोबर आहे, हे विमानात चालत नाही. १० जून १९९० ची एक घटना मामांनी मला तपशिलासह सांगितली आहे. बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची पुढची काच हवेत निखळली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले म्हणून वाचला. आदल्या दिवशी पहाटे ती काच नवी बसवली होती. नव्वद बोल्टांपैकी ८४ बोल्ट जाडीला ०.०२६ इंचाने कमी होते. जुन्या बोल्टाशेजारी नवा धरून, नजरेने जुळवून निवडलेले. निवडणारा माणूस अनुभवी होता. हाताला नि डोळ्याला कळतं यावर कारागिराचा विश्वास असतो, आणि एरवी तो रास्तही असतो. पण नंबर वाचायचा कंटाळा त्या विश्वासाच्या आडून येतो.

मला स्वतःला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटतं ते लॉकवायरचं काम. विमानातला नट घट्ट केला म्हणजे काम संपत नाही, कारण सततच्या थरथरीने तो ढिला होऊ शकतो. म्हणून बोल्टाच्या डोक्यात भोक असतं, त्यातून बारीक पोलादी तार ओवतात, दोन्ही पदरांना सारखे पीळ देत शेजारच्या बोल्टापर्यंत नेतात, त्याच्या भोकातून काढतात आणि पुन्हा पीळ देऊन संपवतात. यातली मेख दिशेत आहे. तार अशा बाजूने न्यायची की एक बोल्ट सुटायला लागला तर त्याने दुसऱ्याला आवळलंच पाहिजे. मामांनी एकदा मला ओट्यावर बसून फळीत ठोकलेल्या दोन जुन्या बोल्टांवर हे करून दाखवलं. पीळ एकसारखे, ना सैल ना तार दुखेल इतके कडक. शेवटी उरलेलं टोक त्यांनी डाव्या हाताच्या चिमटीत धरलं आणि मगच कटरने कापलं. तुकडा उडू दिला नाही. खिशातल्या डबीत टाकला. मग राहिलेलं टोक आत वळवलं, पुढच्या माणसाचं बोट फाटू नये म्हणून. समोर विमान नव्हतं, आमच्या ओट्यावरची फळी होती. तरी तुकडा डबीतच गेला.

त्यांच्या नोकरीतली एक गोष्ट मी अनेकदा ऐकली आहे. तळ कुठला ते मामा सांगत नाहीत आणि मीही विचारत नाही. संध्याकाळी काम आटोपलं, जमिनीचे पत्रे परत बसले, मोजणी झाली, सगळी हत्यारं आपापल्या खाचेत. कागद सहीला तयार. सकाळी विमान सामान घेऊन निघायचं होतं. एक नवा एअरमन फडक्याने पेचकसाच्या बिटा पुसत होता. एका बिटाला फडक्याचा धागा अडकला. त्याने उजेडात धरून पाहिलं, तर टोकाचा एक कोपरा उडालेला. तुकडा असेल दीड मिलिमीटरचा. बीट खाचेत होतं, लाल कुठेही दिसत नव्हतं, मोजणी बरोबर होती. तुटकी बाजू खाली करून बीट ठेवून दिलं असतं तर जन्मात कुणाला कळलं नसतं.

पोरगा उठला आणि वॉरंट ऑफिसरपुढे जाऊन उभा राहिला.

वॉरंट ऑफिसरांनी पहिला प्रश्न काय विचारला ते मामा दर वेळी आवर्जून सांगतात. "कुणी तोडलं?" असं त्यांनी विचारलं नाही. "शेवटचं अख्खं कधी पाहिलंस?" असं विचारलं. मग सगळे पत्रे परत उघडले. लांब दांड्याचा आरसा, बॅटरी, तारेच्या टोकाला लोहचुंबक. डांगऱ्या घालून माणसं पालथी पडली. रात्री उशिरा एका पुलीजवळच्या ग्रीसमध्ये रुतलेला तो कण मिळाला. तुटक्या टोकाला लावून पाहिला, जुळला, तेव्हा कुठे तपास संपला. विमान सकाळी निघालं नाही, दुपारी निघालं. उशिराचं कारण कागदावर जसं होतं तसं लिहिलं गेलं, आणि त्या पोराला शिक्षा झाली नाही.

ही गोष्ट ऐकल्यावर लाल तळाकडे बघण्याची माझी नजर बदलली. तो तळ अख्खं हत्यार नसलं तरच बोलतो. उडालेला कोपरा त्याला दिसत नाही. तिथे माणूसच लागतो, आणि माणूस तेव्हाच बोलतो जेव्हा बोलण्याची सोय असते. हरवलं, तुटलं, विसरलं, असं जिथे मोकळेपणी सांगता येतं तिथेच खाचा कापून ठेवण्याला अर्थ आहे. आपल्याकडच्या कितीतरी कचेऱ्यांत, कारखान्यांत, आणि घरांतही, सांगणाऱ्याच्या अंगावर आधी धावून जातात. मग लोक तुटकी बाजू खाली करून ठेवायला शिकतात. मला याची फार चीड येते, कारण यात नुकसान सांगणाऱ्याचं थोडं आणि बाकी सगळ्यांचं जास्त असतं.

नियम नसतात म्हणून अपघात होतात असं नाही. ६ डिसेंबर २०२३ रोजी लॉस एंजेलिसला क्वांटासच्या ए-३८० विमानाच्या इंजिनाची आतून तपासणी सुरू झाली. इंजिनातला कॉम्प्रेसर हाताने फिरवण्यासाठी एक नायलॉनचं हत्यार वापरतात. लांबी सव्वा मीटर. सव्वा मीटर! खिशात राहून जाईल किंवा कोनाड्यात पडेल अशी ती वस्तूच नव्हे. ते इंजिनातच राहिलं. विमानाने त्यानंतर ३४ उड्डाणं केली, जवळजवळ २९४ तास ते हवेत होतं, आणि १ जानेवारी २०२४ रोजी ते हत्यार सापडलं. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अहवालात नोंद आहे की हरवलेलं हत्यार शोधण्याची ठरलेली पद्धत विमानाला उड्डाणाचा दाखला देण्याआधी सुरूच केली गेली नव्हती. हत्यारखाना होता, नोंदी होत्या, नियम छापलेला होता. रिकामी जागा कुठेतरी दिसत होती. तिच्यापाशी थांबून "विमान सोडायचं नाही" असं कुणी म्हटलं नाही, आणि असं म्हणणं सोपं नसतं हेही खरं. बाहेर शेकडो प्रवासी ताटकळत असतात, घड्याळ पुढे सरकत असतं, आणि आपल्याजवळ सांगायला असतं ते फक्त एका वस्तूचं नसणं.

मोजून बाहेर येण्याची अशीच शिस्त शस्त्रक्रियेच्या टेबलावरही आहे, आणि ती विमानांसारख्या यादीत बसवण्यात एका मराठी घराचा वाटा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे आत्माराम गावंडे अमेरिकेत जाऊन शल्यविशारद झाले. त्यांचे चिरंजीव अतुल गावंडे यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी जी सुरक्षित शस्त्रक्रियेची यादी बनवली, ती २००८ साली प्रसिद्ध झाली. १९ कलमांची एका पानाची यादी. तिच्या शेवटच्या भागात, रुग्णाला शस्त्रक्रियागृहाबाहेर नेण्याआधी, उपकरणं, बोळे आणि सुया यांची मोजणी पूर्ण झाल्याचं परिचारिकेने मोठ्याने सांगायचं असतं. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. अशा यादीचं मूळ गावंडे विमानांत शोधतात. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी बोइंगचं एक नवं बॉम्बर चाचणीच्या उड्डाणात कोसळलं, कारण जमिनीवर उभं असताना शेपटीचे पडदे अडकवून ठेवणारा अडसर निघण्याआधी काढायचा राहिला होता. वैमानिक निष्णात होता. त्यानंतर वैमानिकांच्या हातात कागदावरची यादी आली. मामांना हे मी वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "परिचारिकेने सांगायचं हे फार चांगलं केलं. डॉक्टरला स्वतःचं काम झालेलंच दिसत असतं."

बडोद्याला हत्यारांची कदर जुनी आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० साली त्रिभुवनदास गज्जरांच्या पुढाकाराने इथे कलाभवन काढलं आणि सुतारकाम, रंगकाम, यंत्रकाम हे विषय मुलांच्या मातृभाषेत शिकवायची सोय केली. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. सरकारी चाकरीसाठी इथे येऊन स्थिरावलेल्या मराठी घरांत तोवर लेखणीची आणि फार तर तलवारीची प्रतिष्ठा. कानस आणि रंधा यांना मान मिळाला तो कलाभवनामुळे, असं मला वाटतं. गायकवाडांच्या मकरपुरा पॅलेसात पुढे वायुदलाची प्रशिक्षणशाळा आली. त्या बाजूला सायकलवरून जाताना गणवेशातली मुलं बघून आपण वायुदलात जायचं ठरवलं, असं मामा सांगतात.

खंडेनवमीला आमच्याकडे पेटीची पूजा होते. पण मामांची पूजाही कारागिराची. हळदकुंकू झाकणावर, कप्प्यात नाही. रॅचेटच्या दातांत कुंकू गेलं तर ते निघता निघत नाही. झेंडूची फुलं वेगळ्या तबकात, पेटीसमोर. पाकळ्या पेटीत उडू नयेत म्हणून त्या वेळी पंखा बंद. त्या दिवशी एकही हत्यार वापरायचं नाही, त्यामुळे झाकण उघडून ठेवलं तरी तिन्ही कप्पे काळे. मामी हयात असताना एका वर्षी स्वयंपाकघरातला नळ नेमका त्याच सकाळी गळायला लागला आणि दिवसभर बादली लावून ठेवली, पण पाना बाहेर आला नाही.

आता ॲव्हरोचे दिवस संपत आले आहेत आणि त्यांची जागा घेणारं विमान आमच्याच गावात येऊन ठेपलं आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये ५६ सी-२९५ विमानांचा करार झाला. १६ स्पेनमधून तयार यायची, ४० बडोद्यात बांधायची. २८ ऑक्टोबर २०२४ रोजी टाटांच्या इथल्या जुळणी कारखान्याचं उद्घाटन भारत आणि स्पेनच्या पंतप्रधानांच्या हस्ते झालं. आधी ॲव्हरो उडवणारी बडोद्याची ११ नंबरची स्क्वॉड्रनच सी-२९५ ची आपल्याकडची पहिली स्क्वॉड्रन ठरली. मामांनी त्या दिवशी टीव्हीवर भाषणं ऐकली नाहीत. कॅमेरा हँगरमध्ये फिरला की पुढे सरकून बसायचे आणि मागच्या भिंतीकडे बघायचे, हत्यारांचे फळे कुठे लावलेत म्हणून.

आमच्या शेजारचा मुलगा आयटीआय करून विमानाच्या सुट्या भागांच्या कामाला लागला आहे. परवा तो मामांकडे आला आणि मोबाइलवर नव्या कपाटांचा व्हिडिओ दाखवायला लागला. खण उघडला की वरचा कॅमेरा खाचा बघतो, खण बंद झाला की कुठलं हत्यार कुणी नेलं याची नोंद आपोआप होते, बिल्ला नको, वही नको. मामांनी व्हिडिओ दोनदा पाहिला. त्यांना तो मनापासून आवडला. खण किती जड असतो, वीज गेली तर काय, बनियन-डांगरी बदलून दुसराच माणूस आला तर त्याला ओळखतं का, सगळं विचारून घेतलं.

मग म्हणाले, "आणि टोक उडालेलं असेल तर? ते दिसतं त्याला?"

"नाही काका. तेवढं नाही दिसत."

"मग ते कोण बघतं?"

"आम्हीच. पण खरं सांगू का, रोज नाही बघत."

मामांनी मधला कप्पा उघडला, पेचकस एकेक काढून त्याच्या हातात दिले आणि अंगठ्याचं नख पात्याच्या धारेवरून आडवं कसं न्यायचं ते दाखवलं. सावकाश, दोन्ही कोपऱ्यांपर्यंत. डोळ्यांना जे दिसत नाही ते नखाला अडतं. मुलगा एकेक करून पुढे सरकवत गेला. एकापाशी थांबला, परत नख फिरवलं, खिडकीजवळ जाऊन पाहिलं.

"काका, हा जरा गेलाय इथे."

मामांनी चष्मा काढून पेचकस डोळ्यांजवळ धरला. "गेलाय," ते म्हणाले. "परवाच वापरला मी हा, कुकरच्या दांड्याला. खाचेत नको ठेवूस. बाजूला काढ, आणि जरा कुकर घेऊन ये आतून."